गिरजा खैरमोडे, स्वयंपाकीण

डॉक्टर कुलथे माझी छत्री खांद्याला लावून, एक डोळा मिटून, बाल्कनीतल्या तुळशीवर नेम धरून उभे होते.

"अशी धरली की झटका खांद्यात जिरतो," ते म्हणाले. "म्हणून मला एम-सोळाच हवी. हलकी असते. मनगटाला त्रास नाही."

डॉक्टर दातांचे होते. मनगटाची काळजी त्यांनी करायचीच.

सोफ्यावर माझे जावई श्रीरंगराव मांडीवर जाडजूड पुस्तक घेऊन बसले होते. त्यांच्या शेजारी बँकेतले उदावंत भडंगाच्या ताटलीतले फक्त शेंगदाणे वेचत होते. दुपारचे सव्वातीन वाजले होते. अडीचला सुरू होणारा खेळ अजून बंदुकीपाशीच अडला होता, आणि टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत माझी नात ऋजुता समोर वही मिटून गप्प बसली होती. सतरा वर्षांची होती तेव्हा. आज तिशीला आली आहे, पण त्या दिवशी ती दर दोन मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे कशी बघत होती, ते मला आजही दिसतं.

खेळ काय होता ते सांगते, नाहीतर तीन पोक्त माणसं सांगलीत भर दुपारी छत्रीने तुळस का मारत होती हे कळायचं नाही. श्रीरंगराव कंपनीच्या कामाने दोन वर्षं जर्मनीत राहून आले आणि येताना हे वेड घेऊन आले. खेळ कागद-पेन्सिलीचा. प्रत्येकाने मनाने एक माणूस रचायचा. त्याचं नाव, धंदा, अंगातलं बळ, जवळच्या वस्तू, सगळं एका कागदावर लिहायचं. मग एक सूत्रधार गोष्ट सांगत जातो, बाकीचे आपापल्या माणसाच्या वतीने "मी भिंत चढतो", "मी दार फोडतो" असं म्हणत जातात, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. आम्ही लहानपणी भातुकली खेळायचो, त्यातलाच प्रकार. फक्त भातुकलीत शेवटी काहीतरी खायला मिळायचं.

चार वर्षं सबनीस नावाचे त्यांचे मित्र सूत्रधार होते. त्यांची भोपाळला बदली झाली आणि खुर्ची रिकामी पडली. ती ऋजुताला हवी होती. पहिल्या रविवारपासून ती पडद्यामागून हा खेळ ऐकत आली होती आणि सबनिसांच्या गोष्टीत पुढे काय होणार ते तिला त्यांच्या आधी कळायचं. दोन महिने खपून तिने स्वतःची गोष्ट लिहिली होती. दोनशे पानी वही, त्यात नकाशे, डोंगर, पायवाटा, कुठल्या वळणावर कोण भेटेल त्याच्या नोंदी. वडिलांकडे तिने आठवडाभर लकडा लावला. शेवटी श्रीरंगरावांनी एक रविवार दिला, तोही अटीवर. सहाच्या आत मोहीम संपली पाहिजे. नाही संपली, तर पुढच्या रविवारपासून खुर्ची उदावंतांची. आणि मुलगी म्हणून सवलत मिळणार नाही.

"नियम कडक ठेव," ते तिला म्हणाले होते. "सबनीस फार ढिले होते. कुणीही उठून खिशातून दोरखंड काढायचा."

"मग माझा एकच नियम आहे बाबा," ती म्हणाली. "कागदावर आहे ते आहे. कागदावर नाही ते नाही."

"शाब्बास," श्रीरंगराव म्हणाले.

मी तेव्हा कोपऱ्यात गवार मोडत होते. ते वाक्य ऐकून माझा हात थांबला, पण त्याचं कारण पुढे येईल.

पुस्तकाप्रमाणे सूत्रधार सोडून किमान चार खेळाडू लागत होते. सबनीस तिघांवरच भागवायचे, पण आता नियम कडक होते. माझी मुलगी मंजिरी रविवारी दवाखान्यात ड्यूटीवर असायची. तेव्हा ऋजुताच म्हणाली, आज्जीला घेऊ. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि घेतलं. चौथी मांडी घातली की झालं, तिला काही करावं लागणार नाही, असं श्रीरंगरावांनी बाकीच्यांना माझ्यासमोरच समजावलं.

तर सव्वातीन. श्रीरंगरावांना एके-सत्तेचाळीस हवी होती. ती चिखलात पडो, वाळूत पडो, चालतेच, असं ते म्हणत होते. हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की जणू चिखलात ते स्वतःच पडून आले होते. वास्तविक पावसाळ्यात मंडईत जायचं तर ते बूट खराब होतात म्हणून मंजिरीला पाठवत. डॉक्टरांचं म्हणणं, एके जड आणि ओबडधोबड, तिच्यात नजाकत नाही. उदावंतांना दोन्ही पसंत नव्हत्या. ते कॉलेजात एनसीसीत होते आणि एका शिबिरात त्यांनी खऱ्या जवानाची एसएलआर रायफल दोन मिनिटं हातात धरली होती. ती दोन मिनिटं ते गेली पंचवीस वर्षं सांगत होते.

"ती असॉल्ट रायफल नाहीच मुळी," श्रीरंगराव म्हणाले. "पुस्तकात वेगळ्या यादीत आहे."

"पुस्तक लिहिणाऱ्याने कधी हातात धरली होती का?"

"तुम्ही तरी कुठे झाडली होती, उदावंत?"

"हातात धरली होती," उदावंत म्हणाले. "वजन कळतं माणसाला."

मग वजनावर पाऊण तास गेला. डॉक्टरांनी स्वयंपाकघरातून आमचा खलबत्ता आणला आणि साधारण इतकंच वजन, असं म्हणून सगळ्यांना आळीपाळीने उचलायला लावलं. मग पल्ला. मग मिनिटाला किती गोळ्या. मग दुर्बीण लावायची की नाही, नळीखाली टेकायला दोन पायांची दुपाई लावायची की नाही. दस्ता लाकडी की काळा प्लॅस्टिकचा, यावर तर उदावंत आणि डॉक्टर खरेच चिडले. मंजिरीच्या लग्नात मुलगा पसंत करायला आम्हाला जेवढा वेळ लागला होता, त्याहून अधिक वेळ मी त्या दिवशी तीन न दिसणाऱ्या बंदुका पसंत करण्यात गेलेला पाहिला. आणि मुलाच्या वेळी निदान दोन प्रश्न तरी कामाचे विचारले होते.

मधे मी एकदा विचारलं, "आणि त्यात घालायचं काय?"

"आई, ते गृहीत असतं," श्रीरंगराव पुस्तकातून मान वर न करता म्हणाले. मग जरा मायेने म्हणाले, "जरा चहाचं बघता का?"

मी चहाचं बघितलं. तीन कप साखरेचे, एक बिनसाखरेचा. परत आले तेव्हा ऋजुता नखं कुरतडत होती. घड्याळात साडेचार झाले होते.

"बाबा, सुरू करूया ना," ती म्हणाली. "दीड तासच राहिला."

"आमचे कागद तयार नाहीत तर तू काय सुरू करणार?" श्रीरंगराव म्हणाले. "सूत्रधाराला धीर लागतो. सबनीस कधी घाई करायचे नाहीत."

पोरीचा चेहरा उतरला. मला दिसत होतं की असंच चालू राहिलं तर सहा इथेच वाजतील, आणि दोष मात्र तिच्या माथी जाईल. बंदुका निवडण्यात वेळ कुणी घालवला हे कुणाच्या लक्षात राहणार नव्हतं. मुलीला मोहीम संपवता आली नाही, एवढंच राहिलं असतं.

शेवटी पाचला दहा कमी असताना कागद भरले गेले. डॉक्टरांनी तर आपल्या रायफलचं चित्रही काढलं. ऋजुताने तिघांना सह्या करायला लावल्या आणि सही झाली की कागद बंद, हे पुन्हा बजावलं. तिघांनी ऐटीत सह्या केल्या.

"आज्जी, तुझा माणूस?"

"आईंना स्वयंपाकीण कर," श्रीरंगराव म्हणाले. "तुकडीला स्वयंपाकीण लागतेच. मागे राहतील, सुरक्षित."

"चालेल," मी म्हटलं. "नाव लिही, गिरजा खैरमोडे."

"शस्त्र?"

"शस्त्र नको. एक पिशवी लिही. पिशवीत काय ते मी लिहिते."

नियमाप्रमाणे स्वयंपाकीण वीस किलो उचलू शकत होती. मी पेन्सिल घेतली आणि पूर्वीच्या सवयीच्या टपोऱ्या अक्षरात पाच ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि कागद उपडा ठेवला. तो कुणी वाचला नाही. स्वयंपाकिणीच्या पिशवीत काय असणार? खरं तर मी एकही भांडं लिहिलं नव्हतं, पण हेही कुणी विचारलं नाही.

मोहीम सुरू झाली आणि मी सोळा आणे खरं सांगते, पोरगी सांगू लागल्यावर खोलीतला पंखादेखील हळू फिरू लागल्यासारखा वाटला. एक उजाड मुलूख. डोंगराच्या पायथ्याला दोनशे माणसांचं गाव. वर तळ्याच्या तोंडाशी दगडी चौकी, आणि चौकीत पाण्याचा दरवाजा. लुटारूंनी चौकी बळकावून पाणी तोडलं होतं. सूर्य मावळायच्या आत दरवाजा उघडला नाही तर गाव उठून जाणार होतं. चढण कशी, वारा कुठून, कोरड्या झऱ्यात मेलेलं खेकडं कसं पांढरं पडलं होतं, सगळं ती वहीकडे न बघता सांगत होती. उदावंतांनी शेंगदाणे खायचे थांबवले.

पुलावर पहिला पहारेकरी दिसला. श्रीरंगराव ज्या क्षणाची दुपारपासून वाट बघत होते तो आला. ते सोफ्यावरून उठूनच उभे राहिले.

"मी एके रोखतो आणि झाडतो," ते म्हणाले आणि फासा टाकला. अठरा पडले. डॉक्टरांनी त्यांची पाठ थोपटली.

ऋजुताने त्यांचा कागद उचलला, वरपासून खालपर्यंत वाचला, उलटून मागची बाजू पाहिली.

"बाबा, तुम्ही चाप ओढलात," ती म्हणाली. "टक् असा आवाज आला."

"म्हणजे?"

"कारतुसं लिहिलेली नाहीत."

मग उदावंतांनी आपला कागद ओढून घेतला. मग डॉक्टरांनी. लाकडी दस्ता होता, दुर्बीण होती, दुपाई होती, पट्टा होता, पट्ट्याचा रंगही होता. तिघांच्या तीन कागदांवर मिळून एक कारतूस नव्हतं.

"हा फाजीलपणा आहे," श्रीरंगराव म्हणाले. "बंदूक आहे म्हणजे कारतुसं आली."

"तुम्हीच म्हणालात कडक ठेव."

"अक्कल वापरून कडक ठेव म्हणालो. सबनिसांनी असं कधीच..." ते पुस्तक मिटू लागले. "साडेपाच होत आले. राहू दे. मला वाटलंच होतं, हे पोरखेळावर जाणार. उदावंत, पुढच्या वेळी तुम्हीच बघा."

ऋजुताने ओठ मिटले. रडली नाही, वहीची पानं सारखी करू लागली.

"माझ्याकडे आहेत," मी म्हटलं.

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. मी उपडा कागद सुलटा केला. ऋजुताने तो मोठ्याने वाचला. तिचा आवाज आधी कापरा होता, शेवटी शेवटी नव्हता. सात-बासष्ट एकोणचाळीस, शंभर नग. सात-बासष्ट एक्कावन्न, शंभर नग. पाच-छप्पन्न, शंभर नग. मेणकापड, एक. पाण्याची पखाल, एक.

"अहो काकू," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही तर देवासारख्या भेटलात. द्या इकडे."

"कुठली देऊ?"

"कुठली म्हणजे?"

"तुमच्या रायफलला कुठलं कारतूस लागतं?"

डॉक्टरांना रायफल रचणाऱ्याचं नाव माहीत होतं, ती पहिल्यांदा बनली ते साल माहीत होतं, नळीची लांबी माहीत होती. हे माहीत नव्हतं. मी त्यांना पाच-छप्पन्नची दिली. श्रीरंगराव घाईघाईने म्हणाले, मला सात-बासष्ट. उदावंत म्हणाले, मलाही सात-बासष्टच, म्हणजे आमचं दोघांचं एकत्र चालेल.

"नाही चालायचं," मी म्हटलं. "सात-बासष्ट ही नुसती जाडी. त्यांचं एकोणचाळीस मिलिमीटर लांब, तुमचं एक्कावन्न. तिघांनी सव्वादोन तास बसून अशा तीन बंदुका निवडल्यात की एकाचं कारतूस दुसऱ्याला लागत नाही. एकजण रिकामा झाला की बाकीच्यांनी नुसतं बघायचं."

उदावंतांनी ताटली खाली ठेवली. "काकू, तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"आई सरकारी नोकरीत होत्या," श्रीरंगराव म्हणाले. पाहुण्यांना हे ते नेहमी सांगायचे, याच सुरात.

"कुठल्या खात्यात?"

श्रीरंगरावांनी पुस्तकाकडे पाहिलं. जावई होऊन त्यांना एकोणीस वर्षं झाली होती, त्यातली अकरा मी त्यांच्याच घरात राहत होते.

"पाणीपुरवठा?" ते म्हणाले.

"दारूगोळा," मी म्हटलं. "कारतुसांची तपासणी. एकोणतीस वर्षं. ऋजू, पुढे चल, वीस मिनिटं आहेत."

पुलावरचा पहारेकरी तोवर एकही गोळी न झाडता पळून गेला होता. बंदुकीचा नुसता टक् आवाज ऐकूनही माणूस पळतो, असं ऋजुताने ठरवलं होतं. तुकडी चढून चौकीशी पोचली. तिघेही दार फोडायला उतावीळ झाले होते, कुठल्या खिडकीतून कुणी झाडायचं यावर पुन्हा वाद सुरू झाला, आणि घड्याळात सहाला बारा कमी होते.

"गिरजा पुढे जाते," मी म्हटलं. "चौकीच्या पायरीवर एक कारतूस उभं ठेवते. दार वाजवते. बाजूला सरते."

"आई, ही काय चाल झाली?"

"फासा टाक, आज्जी," ऋजुता म्हणाली. चौदा पडले. तिने वहीचं शेवटून तिसरं पान उघडलं आणि माझ्याकडे बघत सांगितलं. दार किलकिलं झालं. आतून एक हात आला, त्याने कारतूस उचललं, उलटंसुलटं केलं. मग दार पूर्ण उघडून तीन माणसं हात वर करून बाहेर आली. त्यांच्याकडे उत्तम रायफली होत्या. एकीला दुर्बीणही होती. पण अकरा दिवसांपासून त्यांच्याकडे एकही कारतूस नव्हतं.

लुटारूंची कारतुसं संपल्याचं ते पान तिने महिन्यापूर्वीच लिहिलं होतं. शाई वाळून काळी पडलेली मी पाहिली.

तुकडीने चाक फिरवलं, दरवाजा उघडला, पाणी गावाकडे निघालं. सहाला सात कमी होते.

मला वाटलं, झालं. पण श्रीरंगराव मान हलवत होते. ते ऋजुताशी न बोलता मित्रांशी बोलले. त्यांचं म्हणणं असं, की हिला मोहीम म्हणता येणार नाही. एकही गोळी सुटली नाही. प्रयत्न चांगला होता, कल्पना बालिश होती. तेव्हा ठरल्याप्रमाणे खुर्ची उदावंतांकडे. उदावंत खाली बघू लागले. डॉक्टरांनी छत्री जागेवर ठेवली.

ऋजुताने वही मिटली आणि माझ्याकडे पाहिलं. काही मागितलं नाही, फक्त पाहिलं.

तसं माझ्याकडे पूर्वी एकदाच कुणी पाहिलं होतं. आमचा कारखाना कुठल्या गावी होता ते मी आजही लिहीत नाही. सांगायचं नाही अशी सही केली होती आणि सवय जात नाही. तिथे लांब टेबलाशी आम्ही बारा बायका समोरच्या ताटात कारतुसं घेऊन तपासायचो आणि माझ्या शेजारी बसायची गिरजा खैरमोडे. पितळेवरून बोट फिरवून ती सदोष कारतूस ओळखायची, माप नंतर लावायची, आणि माप तिचंच म्हणणं खरं करायचं. एकदा तिने अख्खा साठा नाकारला. वरची माणसं थांबली होती, गाड्या उभ्या होत्या. साहेब आले आणि म्हणाले, चार-पाच वाईट निघाली, बाकीची चांगली आहेत असं गृहीत धरा. गिरजा म्हणाली, तपासल्याचं कागदावर नाही ते नाही. साहेबांनी मला विचारलं, तुमच्या ताटात काय निघालं? माझ्या ताटातही तीच तडकलेली कारतुसं होती. गिरजाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझ्या काही लक्षात आलं नाही.

आठ दिवसांत गिरजाची बदली उपाहारगृहात झाली. स्वयंपाकीण म्हणून. पुढे अकरा वर्षं रोज चार वाजता तिच्या हातचा चहा प्यायले. मला बिनसाखरेचा लागतो हे तिला सांगावं लागलं नाही. त्या दिवसाबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला त्यातून सुटता आलं असतं.

"श्रीरंगराव," मी म्हटलं, "तुमची अट काय होती?"

"सहाच्या आत मोहीम संपली पाहिजे."

"गोळी सुटली पाहिजे, असं म्हणाला होता?"

"ते काय सांगावं लागतं का आई? ते गृहीतच..." ते थांबले. डॉक्टर मोठ्याने खोकले.

"कागदावर नाही ते नाही," मी म्हटलं. "मी इथे बसले होते, मी बघितलंय. तुम्ही तिघांनी सव्वादोन तास बंदुका निवडल्या. पोरीला एक तास मिळाला आणि एका तासात तिने काम पुरं केलं. कुणी विचारलं तर मी हेच सांगणार. मंजिरीने विचारलं तरी आणि भोपाळहून सबनिसांनी फोन करून विचारलं तरी."

"प्रश्न तो नाही आई..."

"आणि तुम्हाला चौथा भिडू लागतो. मी पुढच्या रविवारी बसेन. त्या खुर्चीत ऋजू असली तर. उदावंत, तुमचा राग नाही ना?"

उदावंत म्हणाले, छे छे, आणि मग, आवाज खाली आणून, खरं सांगायचं तर मला ते खेकड्याचं फार आवडलं.

श्रीरंगरावांनी फासा उचलला. मग त्यांनी तो ऋजुताच्या वहीवर ठेवला आणि चपला घालून फिरायला निघून गेले. हरलेला माणूस दुसरं काय करणार? तिने फासा मुठीत घट्ट धरला. डॉक्टर जाताना मला वाकून नमस्कार करून गेले. माझी छत्रीही चुकून घेऊन गेले.

ते सगळे गेल्यावर मी ऋजुताला विचारलं, ते वाक्य कुठून आणलंस. ती म्हणाली, तूच म्हणतेस की रोज, किराण्याची यादी करताना. मला ठाऊकच नव्हतं. गिरजाचं वाक्य मी तिच्या नावाशिवाय इतकी वर्षं वापरत आले होते.

पुढच्या रविवारी अडीचच्या ठोक्याला तिघेही हजर. बंदुकांवर चकार शब्द नाही. तिघांनी एकमताने एकच रायफल घेतली, कारतूस एकमेकांना चालावं म्हणून. उदावंतांनी तर बँकेतल्यासारखा तक्ता आखून आणला होता. कारतुसं चारशे ऐंशी, वीस-वीसच्या चोवीस पेट्या, ओलीपासून वाचवायला मेणकापड. श्रीरंगरावांनी जादा कारतुसांसाठी जादा पट्टा लिहिला होता. चेहऱ्यावर असं की आता काढून दाखव खोट. तीन सह्या झाल्या. पावणेतीनला खेळ सुरू.

ऋजुताची नवी मोहीम वाळवंटातली होती. तीन दिवसांची चाल. दुसऱ्या दिवशीच्या दुपारी तिने गोष्ट थांबवली, तिघांचे कागद समोर ओढले, सावकाश वाचले.

"बाबा," ती म्हणाली, "पाणी कुणीच लिहिलेलं नाही."

तिघेही हळूहळू माझ्याकडे वळले. गिरजा खैरमोडेची पखाल भरलेली होती. मागणीपत्राचे कोरे कागदही मी सकाळीच कापून ठेवले होते. त्यातले तीन मी टेबलावरून त्यांच्याकडे सरकवले आणि पेन्सिल श्रीरंगरावांच्या हातात दिली.

"नाव, हुद्दा आणि किती हवं ते," मी म्हटलं. "अक्षर नीट काढा. मी तपासून घेते."